उस्तादानं व्याख्यान कधी दिलं होतं?

२०२५ च्या जूनमध्ये राज्याचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी मुलांना पहिलीपासून प्राथमिक स्वरूपाचं सैनिकी प्रशिक्षण देण्याची घोषणा केली. त्यासाठी माजी सैनिकांची मदत घेऊ, असंही ते म्हणाले. मग व्हायचं तेच झालं. एकीकडून शिस्त आणि देशभक्ती, दुसरीकडून कोवळी मनं आणि लष्करीकरण, असे ठरलेले शब्द एकमेकांवर फेकले गेले आणि थोड्याच दिवसांत दोन्ही फौजा आपापल्या छावणीत परतल्या. शिकवायचं की नाही यावर एवढी धूळ उडाली, पण शिकवायचं कसं, हे कुणी विचारलं? विदर्भातल्या तालुक्याच्या गावांना हा दुसरा प्रश्न टाळता येत नाही. मेहकर असो, दर्यापूर असो, आर्वी असो की वरोरा, पहाटे चारला डांबरी रस्त्यावर सैन्यभरतीच्या सोळाशे मीटर धावण्याची तयारी करणारे पोट्टे दिसतात, आणि दिवस वर आला की तेच पोट्टे एखाद्या टिनाच्या शेडमध्ये नाहीतर कॉलेजच्या एनसीसीच्या खोलीत वह्या उघडून बसतात. सैनिकी वर्ग आमच्याकडे कधीचाच भरतो आहे.

या वर्गांवरूनही वाद आहे, आणि तोही तितकाच चुकीच्या जागी अडकलेला. एक पक्ष म्हणतो, सैन्य घडतं ते फळा, शिट्टी आणि पाठांतर यांवर. पोरांना प्रश्न विचारायची सवय लावाल तर हुकूम कोण ऐकेल? दुसरा म्हणतो, जग ड्रोनपर्यंत पोचलं आणि तुम्ही अजून खडू उगाळता. स्मार्ट बोर्ड लावा, व्हिडिओ दाखवा, अॅनिमेशन आणा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फळा विरुद्ध पडदा ही लढाईच खोटी आहे, कारण दोन्हीकडे एक जण बोलतो आणि साठ जण ऐकतात. सैनिकी वर्गाची पद्धत जोखायची तर तीन आठवड्यांनी, दमलेल्या पायांनी उघड्या वावरात उभं असताना त्या मुलाच्या हाती काय उरलं, हे पाहिलं पाहिजे. या कसोटीवर व्याख्यान हरतं, मग ते खडूनं दिलेलं असो की प्रोजेक्टरनं. आणि जी पद्धत टिकते ती जुन्या उस्तादाचीच, म्हणजे सैन्यात जवानांना शिकवणाऱ्याचीच आहे. गंमत अशी, की त्याच उस्तादाचं नाव घेऊन आज व्याख्यानाची बाजू मांडली जाते.

सैनिकी वर्ग म्हणजे बंदुकीचा वर्ग, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात खोलीत बसून शिकायचं पुष्कळ असतं: नकाशावाचन, होकायंत्र, अंतराचा अंदाज, हातखुणा, शस्त्राचे भाग आणि ते हाताळतानाची खबरदारी, प्रथमोपचार, निरोप जसाच्या तसा पुढं पोचवणं, सेक्शनला, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीला, हुकूम देण्याचा क्रम. यातलं बहुतेक सगळं शेवटी करून दाखवायचं असतं, सांगून दाखवायचं नसतं. सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकॅडमीत नकाशावाचनाचा तास मी मागं बसून पाहिला. शिकवणारे गृहस्थ मनापासून शिकवत होते. पडद्यावर हिमाच्छादित डोंगर फिरत होता, त्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, रंगीत होऊन उमटत होत्या. ‘समजलं?’ म्हटल्याबरोबर ‘येस सर’नं शेड दणाणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलं पन्नास हजारात एक या प्रमाणाचा नकाशा घेऊन गावाबाहेर उभी होती. समोर वर्धेच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन, जिथं समोच्च रेषा लांब-लांबवर एखादी भेटते. एका मुलानं नकाशा दोनदा उलटासुलटा केला आणि म्हणाला, ‘सर, काल समजलं व्हतं. इथं काहीच ओयखू येत नाई.’

त्याचं काय चुकलं? त्या नाल्याला पाणी कधी येतं, पांदण कुठं फुटते, कोणत्या धुऱ्यावर पळसाचं झाड आहे, हे त्याला शिकवणाऱ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण त्याच्या ओळखीच्या शिवाराची आणि त्या कागदाची गाठ कुणी घालूनच दिली नव्हती. आदल्या दिवशीच्या तासात त्यानं नकाशावर एकदाही बोट ठेवलं नव्हतं, एकही ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या चौकटींवरून काढलेला जागेचा आकडा) स्वतः काढला नव्हता, एकदाही चुकला नव्हता. दोन घमेली रेती अंगणात ओतून, तिचा उंचवटा करून, त्याभोवती सारख्या उंचीवर सुतळी गुंडाळायला लावली असती तर समोच्च रेषा म्हणजे काय ते दहा मिनिटांत हाताला कळलं असतं. आणि मग याच गावाचा नकाशा घेऊन आपलं घर, आपली शाळा, आपली विहीर शोधायला लावली असती, तर पुढचं शिकवायला सरांची गरजही फारशी लागली नसती.

आता उस्तादाकडे वळू. भारतीय सैन्यात शिकवणाऱ्या हवालदार-नायकाला जवान उस्ताद म्हणतात. या उस्तादाची खरी रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे, की तो फार वेळ बोलत नाही. सतरंजीवर रायफल ठेवतो, काय करायचं ते थोडक्यात सांगतो, एकदा पूर्ण वेगानं करून दाखवतो, मग तेच तुकड्या-तुकड्यांनी सावकाश दाखवतो, मग समोरच्याच्या हातात देतो. खोलना-जोडना. चुकलास, पुन्हा. आता डोळे बांधून. आता घड्याळ लावून. ब्रिटिश सैन्यात याच क्रमाला समजावणं, दाखवणं, अनुकरण आणि सराव अशी चार पायऱ्यांची नावं आहेत. अमेरिकेत पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीसाठी हजारो नवखे कामगार तातडीनं तयार करायचे होते, तेव्हा चार्ल्स अॅलन यांनी जवळपास हीच चौकडी बसवली: तयारी, मांडणी, करून घेणं, तपासणी. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या कारखान्यांसाठी जो प्रशिक्षण कार्यक्रम निघाला त्यानं ती उचलली आणि तिच्यावर एक खणखणीत वाक्य लिहिलं: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलंच नाही. आमच्या अकॅडम्यांतून नेमकं उलटं वाक्य ऐकू येतं, ‘मी शिकवलं, पण पोट्ट्यांच्या डोक्यात शिरत नाही.’ या उलट्या वाक्याला परंपरा म्हणायचं? उस्तादाच्या चारपैकी पहिली पायरी तेवढी धरून बाकीच्या तीन सोडून दिल्या, की जे उरतं त्याला व्याख्यान म्हणतात. छडी हाती घेतल्यानं त्याचा उस्ताद होत नाही.

हे नुसतं जुन्याचं कौतुक नाही. त्याला तपासलेला आधार आहे, आणि तोही सैन्यातूनच आलेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं कार्ल हॉव्हलँड या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रशिक्षणपटांचा अभ्यास करवून घेतला. बिनतारी संदेशात अक्षरं चुकू नयेत म्हणून प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरलेला असतो. ती शब्दमाला शिकवताना काही जवानांना चित्रपट्टी नुसती दाखवली आणि काहींना मध्येमध्ये थांबवून मोठ्यानं उत्तर द्यायला लावलं. उत्तर देणारे जास्त शिकले. त्याहून महत्त्वाचं असं, की ज्यांची शिकण्याची तयारी कमी होती आणि ज्यांना ते शिकायला जड जात होतं, त्यांना या पद्धतीचा फायदा अधिक झाला. हे आमच्या कामाचं आहे. चांगल्या शाळेत शिकलेला मुलगा व्याख्यानातूनही काहीतरी उचलतो. दहावीला कसाबसा काठावर सुटलेला, घरी कापसाच्या दोन वेचण्या करून वर्गात आलेला मुलगा मात्र पद्धत चुकली की सगळाच निसटतो. म्हणजे पद्धतीचा प्रश्न हा आमच्याकडे कुणाला संधी मिळते याचा प्रश्न आहे.

दुसरा पुरावा कसोटीच्या वेळेबद्दल आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा दोनदा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढं होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं विचारलं तर चित्र उलटलं: वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरलं, आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६. तासाच्या शेवटी ‘समजलं?’ विचारून ‘येस सर’ ऐकणारा शिक्षक हा पाच मिनिटांचाच निकाल मोजत असतो. आणि मुलांच्या आवडीनिवडीवरही जाता येत नाही. २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत असं दिसलं, की रंगलेलं व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं, पण परीक्षेत स्वतः गणितं सोडवत धडपडलेले विद्यार्थी पुढं निघाले. हार्वर्डची पोरं फसतात तिथं पालकांच्या मेळाव्यातल्या ‘सर लय भारी शिकवतात’ या पावतीवर अकॅडमीची निवड होत असेल, तर नवल काय?

तरीही दुसऱ्या बाजूकडे वजनदार मुद्दे आहेत आणि त्यांना हसून उडवणं बरोबर नाही. सर्वांत वजनदार मुद्दा नवख्याचा. ‘मुलांना स्वतः शोधू द्या, चर्चा करू द्या’ या घोषणेखाली शाळांतून गेली अनेक वर्षं जे चाललं आहे, त्यात ज्याला काहीच येत नाही त्याच्यावर शोध लावायची जबाबदारी टाकली जाते. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्येच याविरुद्ध सविस्तर मांडणी केली: नवख्याच्या कामचलाऊ स्मरणशक्तीवर एकदम भार टाकला की तो गांगरतो, त्याला आधी सोडवून दाखवलेली उदाहरणं हवीत. मला हे पूर्ण मान्य आहे. होकायंत्र कधी हातात न धरलेल्या दहा मुलांना ‘बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन) म्हणजे काय असेल, चर्चा करा’ म्हणणं म्हणजे पारावर बसवून गप्पा मारायला सांगणं. पण या मुद्द्यातून व्याख्यान कुठं सिद्ध होतं? त्यातून सिद्ध होतं ते दाखवणं आणि लगेच करून घेणं. आणि याच संशोधनाच्या वाटेवर पुढं असंही आढळलं, की शिकणारा तरबेज होऊ लागला की तोच आधार त्याला अडथळा होतो. मदत आधी भरपूर आणि पुढं कमी कमी, हा क्रम उस्ताद न शिकता पाळतो. आधी तो जवानाचं बोट धरून ट्रिगरवर नेतो, आणि शेवटी पाठमोरा उभा राहून नुसत्या आवाजावरून चूक ओळखतो.

दुसरा मुद्दा हुकमाचा. गोळ्या येत असताना चर्चा करत बसणार का? नाही. शस्त्र हातात आल्याबरोबर ते रिकामं आहे का पाहणं, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवणं, रायफल अडकली तर ती सोडवण्याची ठरलेली कृती, या गोष्टी विचाराविना व्हायला हव्यात. भुकेल्या-झोपाळलेल्या माणसालाही त्या जमल्या पाहिजेत. इथं घोटून घेण्याला पर्याय नाही, आणि जे शिक्षणतज्ज्ञ घोटणं या शब्दालाच नाक मुरडतात त्यांनी एकदा फायरिंग रेंजवर उभं राहून पाहावं. पण घोटायचं असतं ते हातांनी. सुरक्षेचे नियम वहीत सुंदर अक्षरात उतरवून घेणारा, आणि तोंडपाठ म्हणून दाखवणारा कॅडेट डमी रायफल हातात येताच ती शेजाऱ्याकडे रोखतो, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना घोकंपट्टी आणि सराव यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

आणि हुकूम ऐकणाऱ्यांचं सैन्य तेवढं पुरतं का? याचं उत्तर आमच्या शेजारीच पुरलेलं आहे. बुलडाणा जिल्ह्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यात असईचं रणांगण आहे. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन या सावॉयच्या अधिकाऱ्याकडून युरोपीय धर्तीवर पलटणी घडवून घेतल्या. २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्ली त्यांच्यासमोर आला तेव्हा या पलटणींनी त्याला चकित केलं: तो बगलेवर येतो आहे हे दिसताच त्यांनी आपली अख्खी फळी फिरवून त्याच्यासमोर आणली. तोफखाना तर असा लढला, की इंग्रजांनी तोफांवरून पुढं गेल्यावरही मेल्याचं सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून मारा सुरू केला. कवायतीत काही कमी नव्हतं. कमी होतं ते वर. ईस्ट इंडिया कंपनीनं चाकरी सोडा असा जाहीरनामा काढल्यानंतर शिंद्यांच्या चाकरीतले बरेच इंग्रज अधिकारी आधीच निघून गेले होते, आणि त्यांच्या जागी निर्णय घेईल असा वर्ग पलटणींतून तयार झालेला नव्हता. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले लढाई संपायच्या आत निघून गेले. पराभवाला दुसरीही कारणं आहेत, राजकारणाची आणि फितुरीची. एका कवायतीवर सगळं घालणं इतिहासाला धरून होणार नाही. पण हुकूम पाळायला उत्तम शिकवलेलं आणि हुकूम द्यायला मुळीच न शिकवलेलं सैन्य कसं दिसतं, हे असईला दिसतं. त्याच दिवशीची दुसरी बाजू पाहा. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं होतं, की पुढं कैलना नदीला उतार नाही. त्याला समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं अशी समोरासमोर वसली आहेत तर मध्ये जाण्यायेण्याची वाट असणारच, असं त्यानं ताडलं, आणि तिथं उतार निघाला. आमच्याकडचा कोणताही पोट्टा हे अनुमान काढू शकतो, कारण तो अशाच गावात वाढलेला आहे. त्याला ते काढायला वर्गात कधी सांगितलं जातं का?

प्रशियाची गोष्ट याहून बोलकी आहे. फ्रेडरिक द ग्रेटच्या परंपरेतली, कवायतीत साऱ्या युरोपला धडा घालून देणारी ही फौज १४ ऑक्टोबर १८०६ ला येना आणि आउअरश्टेटला फ्रेंचांपुढं एका दिवसात मोडली. त्यानंतर शार्नहोर्स्ट हा प्रशियाचा सेनानी आणि त्याच्या साथीदारांनी कवायत टाकून दिली नाही, पण अधिकाऱ्यांचं शिक्षण बदललं. याच काळात राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी ओल्या रेतीत भूभाग मांडून युद्धाचा खेळ तयार केला. पुढं त्यांच्या मुलानं तो नकाशावर आणून १८२४ मध्ये सैन्यापुढं ठेवला, आणि प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्युफ्लिंग यांनी त्याची शिफारस पलटणींना केली. खेळात दोन बाजू, मध्ये पंच, आणि प्रत्येक हुकमाला परिणाम. चूक केली तर ठोकळे मरतात, माणसं नाही. भारतीय सैन्यात आजही रेतीच्या मॉडेलभोवती उभं राहून चर्चा होते आणि एकेकाला विचारलं जातं, ‘तू सेक्शन कमांडर आहेस, आता काय करशील?’ ही चर्चा पारावरची नाही, कारण तिच्यात मूळ माहिती आधी पक्की झालेली असते, वेळ बांधलेली असते आणि उत्तर देणाऱ्याला ते निभावून न्यावं लागतं. चर्चेला शिस्तीचा शत्रू मानणाऱ्या आमच्या निवृत्त सुभेदारांनी स्वतःच्या नोकरीतले हे तास आठवून पाहावेत.

पडद्याच्या पक्षालाही काही गोष्टी द्याव्या लागतात. रायफलच्या पोटात बोल्ट कसा फिरतो हे अॅनिमेशनमध्ये जितकं स्वच्छ दिसतं तितकं उस्तादाच्या हातातही दिसत नाही. रक्तस्राव थांबवण्याचा नीट घेतलेला व्हिडिओ शंभर वेळा पाहता येतो. सिम्युलेटरवर गोळी वाचते. हे सगळं दाखवण्याच्या पायरीवर मोलाचं आहे. पण पडदा तिथंच थांबतो, आणि थांबला नाही तर काय होतं हे अमेरिकी सैन्यानं अनुभवलं आहे. अफगाणिस्तानच्या युद्धातली एक स्लाइड २०१० मध्ये जगभर गाजली. बाण आणि गोल यांचं असं जाळं, की ते पाहून तिथले अमेरिकी सेनापती जनरल मॅक्‌क्रिस्टल म्हणाले, ही स्लाइड समजेल तेव्हा आपण युद्ध जिंकलेलं असेल. उलट साधनं तीच ठेवून शिकवण्याची रीत बदलली तर काय होतं, याचंही उदाहरण त्याच देशाचं आहे. व्हिएतनाममध्ये हवाई झुंजींत आपलं एक विमान पडताना शत्रूची दोन-अडीचच पडताहेत हे लक्षात आल्यावर अमेरिकी नौदलानं १९६९ मध्ये वेगळं प्रशिक्षण सुरू केलं. शत्रूसारखं उडणारे शिक्षक, खऱ्यासारख्या झुंजी, आणि प्रत्येक झुंजीनंतर खोलीत बसून कोण कुठं चुकला याची बेमुर्वत उलटतपासणी. १९७२ मध्ये लढाई पुन्हा पेटली तेव्हा नौदलाचं हे प्रमाण सुमारे बारास एकवर गेलं. त्याच आकाशात लढणाऱ्या, पण तेव्हा रीत न बदललेल्या वायुदलाचं जवळजवळ तिथंच राहिलं. विमानं महागडी होती, पण फरक पाडला तो झुंजीनंतरच्या खोलीनं, आणि त्या खोलीत फळा होता की पडदा याला महत्त्व नव्हतं.

राहिले दोन व्यावहारिक आक्षेप. पहिला परीक्षेचा: अग्निवीर भरतीत २०२३ पासून मैदानाआधी संगणकावरची सामाईक परीक्षा द्यावी लागते, प्रश्न पर्यायी असतात, मग प्रश्नसंच घोकून घेतला तर बिघडलं कुठं? बिघडत नाही, पण घोकायचंच तरी नुसतं वाचून नको, झाकून आठवत घोका, वरचा ४२ आणि ५६ टक्क्यांचा हिशेब पर्यायी प्रश्नांनाही लागू पडतो. शिवाय परीक्षा फक्त फाटकापर्यंत नेते. आत गेल्यावर, मग ते कामठीचं ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र असो की दुसरं कोणतं, चार वर्षांच्या नोकरीत प्रशिक्षणाला मिळणारा काळ आखूड आहे आणि चारातला एकच जण पुढं कायम होणार आहे. तिथं पहिल्या महिन्यात मागं पडणं आमच्या मुलांना परवडणारं नाही.

दुसरा आक्षेप संख्येचा आणि तो खरा आहे. साठ मुलं, एक उस्ताद; प्रत्येकाच्या हातात होकायंत्र देणार कसं? पण हा प्रश्न भारतात सव्वादोनशे वर्षांपूर्वी, सैनिकांच्याच मुलांच्या शाळेत सोडवला गेला आहे. अँड्र्यू बेल हे मद्रासच्या एग्मोर इथल्या लष्करी अनाथालयाचे प्रमुख होते. देशी शाळेत मुलं रेतीवर बोटानं अक्षरं गिरवताहेत हे पाहून त्यांनी ती रीत उचलली आणि थोरल्या मुलांना धाकट्यांचे शिक्षक केलं. पुढं ही पद्धत मद्रास पद्धत म्हणून इंग्लंडात गेली. तिथं तिचं यांत्रिक घोकंपट्टीत रूपांतर झालं हे खरं, कारण, मला वाटतं, थोरल्या मुलांना शिकवायचं कसं हे नीट शिकवलं गेलं नाही. आमच्याकडे एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र घेतलेली मुलं जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत. साठांचे दहा-दहाचे सहा सेक्शन करा, प्रत्येकावर एक थोरला मुलगा, आणि उस्तादानं साठांना तासभर सांगण्याऐवजी आधी त्या सहांना घडवावं. लोडशेडिंगमध्ये स्मार्ट बोर्ड विझतो, रेतीला वीज लागत नाही.

माजी सैनिकांच्या मदतीबद्दलही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सतरा वर्षं गाडी चालवलेला किंवा भांडार सांभाळलेला जवान आदराला पात्र आहे, पण तेवढ्यानं तो उस्ताद होत नाही. सैन्य स्वतःदेखील असं मानत नाही. ते शिकवणारे निवडतं आणि त्यांना वेगळ्या कोर्सला पाठवतं. कॉलेजातले प्राध्यापकसुद्धा एनसीसीचे अधिकारी होताना कामठीच्या प्रशिक्षण अकादमीत जाऊन येतात. मग शाळेत येणाऱ्या माजी सैनिकाला पूर्वतयारीविना वर्गात सोडायचं कशासाठी? पहिलीतल्या मुलाला शिकवायचं तर हे आणखी जोखमीचं. त्या वयात सैनिकी म्हणून जे काही द्यायचं ते गावाचा नकाशा काढणं, जखम धुऊन बांधणं, निरोप न बदलता पोचवणं, एवढंच असावं असं माझं मत आहे, आणि तेवढंही रांगेत उभं करून ओरडून द्यायचं असेल तर विरोधकांचं म्हणणं मला पटतं.

म्हणून राज्यभर एकदम सुरू करण्याआधी विदर्भातले चार-सहा तालुके घ्यावेत. अभ्यासक्रम एकच, तास तेवढेच, शिकवणारे सारख्याच अनुभवाचे. निम्म्या शाळांत आज चालतं तसं, निम्म्यांत करून घेण्याच्या रीतीनं. परीक्षा मात्र तासाच्या शेवटी नको, तीन आठवड्यांनी, आणि ती घेणारा शेजारच्या तालुक्याचा उस्ताद असावा. मोठ्या मुलांना नकाशा देऊन गावाबाहेर अनोळखी जागी सोडावं आणि ‘तू कुठं उभा आहेस’ ते सहा आकड्यांच्या ग्रिड रेफरन्समध्ये विचारावं, मग समोरच्या पाच वस्तूंची अंतरं विचारावीत. त्यातली एक वस्तू मुद्दाम मधल्या न दिसणाऱ्या खोलगट भागापलीकडची असावी, कारण ती असते त्याहून जवळ वाटते, आणि एक सरळ पांदणीच्या टोकाची, कारण ती लांब वाटते. दसरा-दिवाळीच्या सुमारास हे ठेवू नये; सोयाबीनच्या काढणीत आणि कापसाच्या वेचणीत निम्मी मुलं गैरहजर असतील आणि उभ्या पिकात लोक वावरात पाय ठेवू देणार नाहीत. संक्रांतीनंतर तूर निघालेली असते, शिवार मोकळं होतं, आणि दहावी-बारावीच्या परीक्षांना अजून थोडे आठवडे असतात.